सिद्धता आणि कृति



परभणी जिल्ह्यांतील पूर्णा हें गांव आपल्यापैकीं बहुतेकांस जंक्शन म्हणूनच ठाऊक असेल. मनमाडहून परभणीवरून नांदेडकडे जाणारा लोहमार्ग येथें येतो, आणि हिंगोली व अकोला ह्या बाजूस जाणारा दुसरा मार्ग येथूनच फुटतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या स्टेशनांत एक चमत्कारिक स्थिति होती. मनमाडकडून येणारा मार्ग रुंद झाला होता, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर होतें. अकोल्याचा मार्ग मात्र जुन्या मापाचा, १००० मिलिमीटरांचाच, राहिला होता. तो रुंद होण्यास २००८ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर जाऊं शकत नसे, आणि उतारूंना ट्रंका-वळकट्या सांभाळीत गाडी बदलावी लागे.

ह्या गैरसोयीचा कोणासहि कंटाळा यावा. परंतु तिच्या पोटीं एक गुण होता. चुकीचा डबा चुकीच्या मार्गावर जाईल ही धास्ती तेथें कोणासच नव्हती. तो अडविण्याकरितां कोणी शहाणा मनुष्य पहाऱ्यावर उभा करावा लागत नव्हता. रुळांचें मापच तें काम बिनबोभाट करी. आज ज्या विषयाची ओळख करून देण्याचें मीं योजिलें आहे, त्या लॅम्डा-गणिताचें आणि तर्कशास्त्राचें नातें ह्या मापाच्या गोष्टींत दडलेलें आहे. तें कसें, हें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम, हा खटाटोप कशासाठीं, हें सांगितलें पाहिजे. शाळेच्या भिंतीवरील महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढें आणा. परभणी जिल्ह्यास एक रंग दिला, तर हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, जालना ह्या शेजाऱ्यांस तो देतां येत नाहीं, नाहींतर सीमा दिसणार नाहीं. असा कोणताहि नकाशा रंगविण्यास चार रंग पुरतात काय? हा प्रश्न १८५२ सालीं फ्रान्सिस गथ्री नांवाच्या इंग्रज तरुणास सुचला. उत्तर मिळण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. १९७६ सालीं अमेरिकेंतील केनेथ ॲपेल आणि वुल्फगांग हाकेन ह्या दोघांनीं 'पुरतात' असें सिद्ध केलें; परंतु ती सिद्धता कोणाहि मनुष्यास वाचून संपवितां येण्यासारखी नव्हती. हजाराहून अधिक नकाशाखंड एकेक करून तपासावे लागले, आणि तें काम गणकयंत्रानें हजार तासांहून अधिक वेळ खर्चून केलें. अनेक गणितज्ञ त्यामुळें अस्वस्थ झाले. जी सिद्धता कोणीं वाचलीच नाहीं, तिच्यावर विश्वास ठेवावयाचा तो कशाच्या बळावर? यंत्राला सांगितलेल्या आज्ञेंत एखादी चूक राहिली असली तर?

हा प्रश्न केवळ गणितज्ञांचा राहिलेला नाहीं. आपलें पैशाअडक्याचें व्यवहार, विमानांचें उड्डाण, रेल्वेचे सिग्नल हीं सर्व आज यंत्रांस दिलेल्या लांबलचक आज्ञांवर चालतात. त्या आज्ञा बरोबर आहेत हें कोणी तरी दाखविलें पाहिजे, आणि तें दाखविणें बरोबर आहे हेंहि कोणी तरी पाहिलें पाहिजे. हें 'पाहणें' कसें करावें, ह्याचें उत्तर ज्या शोधांतून निघालें, तो शोध लावणारांच्या डोळ्यांपुढें गणकयंत्र नव्हतेंच.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें शाळेंत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं पाठ केलीं होतीं. ह्यांपैकीं दिडकी म्हणजे काय, ह्याचा थोडा विचार करा. दिडकी ही संख्या नव्हे. दीड ही संख्या आहे; दिडकी ही कृति आहे. तिच्या हातीं चार द्या, ती सहा परत देते. दहा द्या, पंधरा देते. औटकीला चार दिले तर चौदा मिळतात. कोणती संख्या द्यावयाची तें अद्याप ठरलें नसतांहि ती कृति म्हणून आपल्या मनांत स्वतंत्रपणें उभी असते, आणि तिला स्वतंत्र नांवहि आहे. गणितांत अशा कृतीस फलन म्हणतात.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांतले तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च ह्यांनीं १९३२ व १९३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अशा कृति लिहिण्याची एक पद्धति घातली. एखाद्या वाक्यांत रिकामी जागा सोडावी आणि ती रिकामी आहे हें दाखविण्यास अगोदर लॅम्डा हें ग्रीक अक्षर लिहावें, एवढीच ती पद्धति. 'लॅम्डा क्ष, क्षची दीडपट' असें लिहिलें कीं दिडकी झाली. ह्या गणितांत कामें दोनच. एक, रिकामी जागा सोडून कृति तयार करणें. दुसरें, तयार कृति एखाद्या वस्तूस लावणें. लावली म्हणजे ती वस्तु रिकाम्या जागेंत ठेवावयाची, आणि जें होईल तें उत्तर. बेरीज, गुणाकार, अंक हे सुद्धां मुळांत दिलेले नाहींत.

मग संख्या कोठून आणावयाच्या? येथेंच ह्या पद्धतीची गंमत आहे. कृतीच्या हातीं दुसरी कृतिहि देतां येते. 'दोनदा' नांवाची एक कृति कल्पा. तिला कोणतीहि कृति दिली तर ती तीच कृति दोन वेळां करणारी नवी कृति परत देते. दोनदाला दिडकी दिली, आणि जें निघालें त्याला चार दिले, तर चाराचे सहा आणि सहाचे नऊ होतात. चर्च म्हणाले, हें 'दोनदा' हीच दोन ही संख्या समजा. 'तीनदा' हे तीन. आणि एकदाहि न करणें हें शून्य. ह्या पायावर सारें अंकगणित उभें राहतें. १९३६ सालीं चर्च ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, जें जें गणित ठराविक नियमांनीं, डोकें न चालवितां करतां येतें, तें तें सर्व ह्या दोन कामांत बसतें. त्याच सुमारास इंग्लंडांत ॲलन ट्यूरिंग हे एका काल्पनिक यंत्राच्या वाटेनें तेथेंच पोंचले. कोणतेंहि विधान दिलें असतां तें सिद्ध होण्याजोगें आहे कीं नाहीं हें यांत्रिकपणें ठरविणारी सर्वसामान्य रीत असूंच शकत नाहीं, हेंहि त्या दोघांनीं दाखवून दिलें.

परंतु चर्च ह्यांचा मूळ हेतु संख्यांपुरता नव्हता. त्यांस सबंध तर्कशास्त्राचा पाया घालावयाचा होता, आणि तेथें मात्र त्यांची इमारत ढासळली. ती ढासळविणारे त्यांचेच दोन शिष्य होते. स्टीफन क्लीनी व जे. बार्कली रॉसर ह्यांनीं १९३५ सालीं दाखविलें कीं, गुरुजींच्या नियमांनीं वाटेल तें सिद्ध करतां येतें. जेथें वाटेल तें सिद्ध होतें, तेथें सिद्ध होण्याला किंमत उरत नाहीं. हें संकट १९४२ सालीं हॅस्केल करी ह्या दुसऱ्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञानें फार थोडक्यांत मांडलें. ह्या आडनांवाचा आपल्या ताटांतील पदार्थाशीं कांहीं संबंध नाहीं, हें गृहिणींनीं ध्यानांत घ्यावें! करी ह्यांची युक्ति मी आपल्या गांवाच्या नांवानें सांगतों. पुढील वाक्य ऐका:

'हें वाक्य खरें असेल, तर पूर्णा समुद्रकांठीं आहे.'

हें वाक्य खरें कीं खोटें तें तूर्त ठरवूं नका. केवळ वादाकरितां तें खरें धरा. खरें धरलें म्हणजे तें जें सांगतें तें मान्य करावें लागतें. तें सांगतें कीं, तें खरें असल्यास पूर्णा समुद्रकांठीं आहे. तें खरें आहे असें आपण धरलेंच आहे. म्हणून पूर्णा समुद्रकांठीं आहे. एवढ्यानें अजून कांहीं बिघडलें नाहीं, कारण हा निष्कर्ष गृहीतावर टेकलेला आहे. आपण सिद्ध केलें तें इतकेंच कीं, तें वाक्य खरें असेल, तर पूर्णा समुद्रकांठीं आहे. परंतु अहो, हेंच तर तें वाक्य! म्हणजे कोणतेंहि गृहीत न ठेवतां तें सिद्ध झालें. आणि तें सिद्ध झालें, तेव्हां समुद्रापासून शेंकडों किलोमीटर आंत असलेल्या पूर्णेस बंदर आलेंच!

ह्या युक्तिवादांत एकहि पायरी उघड चुकीची नाहीं. दोष आहे तो आरंभींच्या वाक्यांत. तें स्वतःलाच स्वतःच्या हातीं देतें. चर्च ह्यांच्या मूळ गणितांत कोणतीहि कृति कोणत्याहि वस्तूस, स्वतःसहि, लावण्यास मोकळीक होती, म्हणूनच असें वाक्य तेथें लिहितां येत होतें.

येथें चर्च ह्यांचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. त्यांनीं शिष्यांवर राग धरला नाहीं, आणि सर्वच टाकूनहि दिलें नाहीं. आकडेमोडीचा जो भाग निर्दोष होता तो त्यांनीं वेगळा काढून ठेवला, आणि तर्काच्या भागाकडे ते १९४० सालीं नवें माप घेऊन परत आले. बर्ट्रांड रसेल ह्यांनीं १९०८ सालीं अशाच एका विरोधावर तोड म्हणून वस्तूंचे प्रकार पाडण्याची कल्पना मांडली होती. तीच चर्च ह्यांनीं लॅम्डा-गणितास जोडली. संख्या हा एक प्रकार. दिडकी ही संख्या घेऊन संख्या देणारी, हा दुसरा प्रकार. दोनदा ही अशी कृति घेऊन तशीच कृति देणारी, हा तिसरा. प्रत्येक कृतीच्या तोंडावर तिच्यांत काय शिरूं शकेल त्याचें माप ठरलेलें असतें, जसें पूर्णा स्टेशनांत रुळांचें होतें. कृतीचा प्रकार तिच्या हातीं द्यावयाच्या वस्तूच्या प्रकाराहून नेहमीं मोठाच असतो. म्हणून डब्यांत तोच डबा जसा भरतां येत नाहीं, तशी कृति स्वतःस देतां येत नाहीं. पूर्णेचें बंदर तेथल्या तेथें बुडालें.

ह्या शिस्तीची किंमत द्यावी लागते, हें लपवितां येणार नाहीं. मोकळ्या लॅम्डा-गणितांत जी जी यांत्रिक आकडेमोड संभवते ती सर्व लिहितां येते, पण कांहीं आकडेमोडी कधींच संपत नाहींत. मापाच्या गणितांत प्रत्येक आकडेमोड संपते, पण कित्येक खरोखरीचीं गणितें त्याच्या बाहेर राहतात.

आतां तर्कशास्त्राकडे वळूं. जर्मनींत गेर्हार्ड गेन्ट्झेन नांवाच्या तरुण गणितज्ञानें, चर्च ह्यांच्याशीं कांहीं संबंध नसतांना, मनुष्य प्रत्यक्षांत निगमन कसें करतो तें पाहून त्याचे नियम लिहिले. ते १९३४-३५ मध्यें प्रसिद्ध झाले. 'जर-तर' ह्या संबंधाचे त्यांत दोनच नियम आहेत. पहिला असा कीं, एखादी गोष्ट वादाकरितां गृहीत धरावी, तिच्यावरून दुसरीपर्यंत पोंचावें, आणि मग गृहीत सोडून देऊन म्हणावें, 'पहिली असेल तर दुसरी आहे'. दुसरा असा कीं, 'पहिली असेल तर दुसरी' हें हातीं असावें, पहिलीहि हातीं असावी, म्हणजे दुसरी मिळते. करी ह्यांच्या वाक्याचा उलगडा करतांना आपण हेच दोन नियम वापरले.

हे दोन नियम आणि लॅम्डा-गणिताचीं दोन कामें शेजारीं ठेवून पाहा. गृहीत धरणें म्हणजे रिकामी जागा सोडणें. गृहीत सोडून 'जर-तर' म्हणणें म्हणजे लॅम्डा लिहून कृति तयार करणें. 'जर-तर'चा उपयोग करणें म्हणजे ती कृति वस्तूस लावणें. 'अ असेल तर ब' ह्याची सिद्धता ही अची सिद्धता घेऊन बची सिद्धता देणारी कृतिच आहे. विधान म्हणजे प्रकार, आणि सिद्धता म्हणजे त्या प्रकाराची वस्तु! दोन विद्वान दोन देशांत दोन निराळ्या हेतूंनीं निघाले, आणि त्यांनीं एकच वस्तु दोन नांवांनीं बांधली. ह्या नात्याची पहिली खूण करी ह्यांसच १९३४ सालीं दिसली होती. विल्यम हॉवर्ड ह्यांनीं १९६९ सालीं तें एका टिपणांत पूर्णपणें मांडलें. तें हस्तलिखितरूपानें अभ्यासकांत फिरत राहिलें, आणि करी ह्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथांत १९८० सालीं छापलें गेलें. म्हणून ह्या नात्यास करी व हॉवर्ड ह्या दोघांचें नांव मिळालें आहे.

हें नातें वरवरचें नाहीं. सिद्धतेंत पुष्कळदां वळसे असतात. एखादा सर्वसामान्य नियम सिद्ध करावयाचा आणि लगेच तो एकाच प्रसंगास लावून सोडून द्यावयाचा. परभणीहून नांदेडला निघालेल्या उतारूनें पूर्णेस उतरून हिंगोलीस जावें व परत पूर्णेस येऊन नांदेडची गाडी धरावी, तसें हें. असे वळसे काढून टाकून सिद्धता सरळ कशी करावी हें स्वीडनमधील दाग प्राविट्झ ह्यांनीं १९६५ सालीं सविस्तर दाखविलें. आणि लॅम्डा-गणितांत दिडकीला चार देऊन सहा काढणें हें नेमकें अशा प्रकारचा वळसा काढणेंच होय. सिद्धता सरळ करणें आणि हिशेब करणें ह्यांत भेद राहिला नाहीं.

आपल्या न्यायशास्त्राची कोणास येथें आठवण होईल. 'जेथें जेथें धूर, तेथें तेथें अग्नि' ही व्याप्ति. पर्वतावर धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नि आहे, हें निगमन. ह्यांतील 'जेथें जेथें' हे दोन शब्द म्हणजे एक रिकामी जागाच आहे. तिच्यांत पर्वत ठेवावा, त्यावरील धुराचें ज्ञान द्यावें, अग्नीचें ज्ञान घ्यावें. साम्य सुंदर आहे. परंतु लॅम्डा-गणित आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असा दावा मी करणार नाहीं. नैयायिकांची मुख्य चिंता व्याप्ति खरी कशी जाणावी ही होती, आणि तिच्याकरितां त्यांनीं घडविलेली परिभाषा किती बारीक आहे तें एकोणिसाव्या शतकांत भीमाचार्य झळकीकरांनीं रचलेला 'न्यायकोश' चाळला म्हणजे कळतें. गेन्ट्झेन ह्यांचें निगमन ती चिंता बाहेर ठेवतें. व्याप्ति दिली असेल तर पुढें काय, एवढेंच तें विचारतें. दोहोंचीं कामें निराळीं आहेत, आणि दोन्हीं आदरणीय आहेत.

सिद्धता ही कृति मानली म्हणजे आणखी एक परिणाम होतो. 'भाऊ परभणीच्या गाडीनें किंवा हिंगोलीच्या गाडीनें येईल' असें कोणी सांगितलें, तर स्टेशनावर जाणाराचें काम त्यानें भागत नाहीं. कोणत्या गाडीनें, हें त्यास हवें असतें. तसेंच ह्या मतें 'अ किंवा ब' ह्याची सिद्धता देणारानें दोहोंपैकीं कोणतें, तें दाखविलेंच पाहिजे. 'दोन्हीं नाहींत असें असूं शकत नाहीं' एवढें म्हणून सुटतां येत नाहीं. हॉलंडमधील ब्राउवर ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हाच आग्रह धरला होता, आणि तेव्हां तो अनेकांस हट्ट वाटला होता. लॅम्डा-गणितानें त्या हट्टांतील व्यवहारज्ञान उघड केलें. कारण यंत्राकडून कांहीं करवून घ्यावयाचें, तर त्यास नक्की काय तें सांगावेंच लागतें.

आतां आपल्या नकाशाकडे परत येऊं. सिद्धता ही वस्तु आणि विधान हें तिचें माप असेल, तर सिद्धता तपासण्यास ती समजण्याची गरज नाहीं. प्रत्येक सांध्यापाशीं माप जुळतें कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. हें काम कंटाळवाणें आहे, पण तें यंत्रास येतें. हॉलंडमध्येंच द ब्रॉयन ह्यांनीं १९६७ च्या सुमारास अशा तपासणीची पहिली योजना हातीं घेतली. पुढें फ्रान्समध्यें 'कॉक' नांवाची व्यवस्था तयार झाली. तिच्यांत प्रत्येक सिद्धता म्हणजे लॅम्डा-गणितांतील एक कृतिच असते. त्या व्यवस्थेंत जॉर्ज गाँथिये ह्यांनीं २००५ सालीं चार रंगांच्या सिद्धान्ताची संपूर्ण सिद्धता बसविली. नकाशाखंडांची तपासणी आणि ती तपासणी पुरेशी आहे हें दाखविणारा युक्तिवाद, ही दोन्हीं तींत आलीं, आणि सर्व सांधे जुळले. सबंध सिद्धता वाचणारा मनुष्य आजहि नाहीं. परंतु आतां विश्वास ठेवावयाचा तो हजारों पायऱ्यांवर नव्हे, तर मापें जुळविणाऱ्या त्या एका लहानशा भागावर. आणि तो भाग मनुष्य वाचूं शकतो. १९७६ सालच्या अस्वस्थतेस मिळालेलें हें उत्तर आहे.

तें संपूर्ण उत्तर आहे असें मात्र समजूं नये. माप जुळलें म्हणजे सिद्धता त्या विधानाची आहे इतकें कळतें; तें विधान आपल्या मनांतलेंच आहे कीं नाहीं, हें यंत्रास कळत नाहीं. 'नकाशा' म्हणजे काय, 'शेजारी' कोणास म्हणावें, हें गाँथिये ह्यांस स्वतःच विचार करून लिहावें लागलें, आणि तेथें चूक झाली असती तर एकहि सांधा कुरकुरला नसता. पूर्णेच्या रुळांनीं चुकीचा डबा अडविला. पण अकोल्यास जावयाचें सोडून नांदेडच्या गाडींत बसलेल्या उतारूस त्यांनीं कधीं अडविलें नाहीं. तिकिटावरील गांवाचें नांव ज्याचें त्यानेंच वाचून घ्यावयाचें असतें.

एवढें सांगून मी आपली रजा घेतों.